नामपूरचा फॉर्म

मार्च आला की ऑफिसच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. समोरचा कडुनिंब पानं गाळत असतो. वारा सुटला की पिवळी पानं थेट टेबलावर येतात, फॉर्मच्या गठ्ठ्यात शिरतात, चहाच्या कपात पडतात. नाशिक रोडचं ऊन अजून भाजत नसतं, पण दुपारी दोननंतर डांबर मऊ लागायला लागतं. द्राक्षांचे क्रेट भरलेले टेम्पो सिग्नलला थांबतात आणि ते गेल्यावर रस्त्यावर चिकट ओले ठिपके राहतात. त्यांवर मधमाश्या. दहावीची मुलं पॅड छातीशी धरून घोळक्यानं जातात. रंगपंचमी होऊन गेली की आठवडाभर लोकांच्या कानामागे गुलाबी रंग दिसतो, बँकेत, नोटांच्या प्रेसच्या गेटवर, आमच्या काउंटरवर.

विम्याच्या धंद्यात वर्षाचं सगळं मार्चवर येऊन ठेपतं. अकरा महिने जे झालं नाही ते या महिन्यात व्हायला हवं असतं. एजंट मुली ओठ सुकलेले, ओढणी डोक्यावरून घेतलेली, अशा दिवसभर आत-बाहेर करतात. त्यांना बघताना मला माझे पाय आठवतात. चपलेचा अंगठा तुटलेला, टाचेला फोड आलेला.

महिला दिनही याच महिन्यात येतो. शाखाधिकारी झाल्यापासून दर वर्षी मला कुठून ना कुठून बोलावणं असतं. यंदा गंगापूर रोडच्या एका कॉलेजात होतं. शाल, गुलाबाचं फूल, आणि माईकवर एक हसरी प्राध्यापिका. ती म्हणाली, "आपल्या नाशिक शाखेच्या पहिल्या महिला शाखाधिकारी." टाळ्या झाल्या. मी हात जोडले. दर वर्षी जोडते.

पहिली मी नाही. माझ्या आधी त्या खुर्चीवर एक बाई सव्वा वर्ष बसल्या होत्या. ऑफिसातल्या दोन-तीन जुन्या माणसांना ते माहीत आहे, पण कुणी तो विषय काढत नाही. मीही नाही.

भाषणात मी नेहमी सांगते तेच सांगितलं. घरातून बाहेर पडा, शिका, एखादी मोठी बाई हाताला धरून शिकवत असेल तर तिचा हात सोडू नका. मलाही एका मॅडमनी असंच शिकवलं. मग प्रश्न झाले. मागच्या रांगेतली एक सावळी, चष्मा लावलेली मुलगी उठली.

"मॅडम, तुम्हाला ज्यांनी शिकवलं, त्या आता कुठं असतात?"

"चांदवडला."

"तुम्ही भेटता का त्यांना?"

"हो," मी म्हणाले. "अधूनमधून."

आठ वर्षांत मी एकदाही गेले नव्हते.

*

शालिनी बोरस्ते मॅडम मला आमच्या जिन्यात भेटल्या. माझ्या नवऱ्याची सातपूरची कंपनी बंद पडून तीन महिने झाले होते. ते दिवसभर पंख्याखाली आडवे असायचे आणि मी ऋतुजाला कडेवर घेऊन घरातल्या घरात फिरायचे. शेजारच्या काकूंकडे पॉलिसीचं काम होतं, त्या बाहेर गेलेल्या, म्हणून ही बाई पायरीवर बसून वाट बघत होती. सुती साडी, खांद्याला जड पिशवी, कपाळावर घाम. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या रिकामा केला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"दिवसभर काय करतेस?"

"काही नाही. घरीच."

"शिक्षण?"

"बी.ए."

"अक्षर कसं आहे?"

मी हसले. मला वाटलं चेष्टा करतात. पण त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझं नाव लिहायला लावलं. मी लिहिलं, संगीता आहेर. त्यांनी कागद लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "माझं अक्षर कावळ्याच्या पायासारखं आहे. उद्या अकराला ऑफिसात ये."

एजंटच्या परीक्षेच्या दिवशी ऋतुजाला ठेवायला कुणी नव्हतं. मॅडम केंद्राबाहेर झाडाखाली तिला मांडीवर घेऊन बसल्या. तेव्हाही मार्चच होता. मी बाहेर आले तेव्हा ऋतुजा झोपलेली आणि मॅडमच्या पदरावर तिनं ओकलेल्या द्राक्षांचा डाग. त्यांनी विचारलं, "सोपा होता का पेपर?" डागाचं काही बोलल्या नाहीत. तशाच साडीत पुढे कुणाच्या तरी घरी गेल्या.

त्यांनी मला चालायला शिकवलं असं मी म्हणते, ते खरंच चालणं होतं. प्रेसच्या कॉलनीतल्या चाळीस इमारती आम्ही पायी केल्या. कुणाच्या घरी गेल्यावर घरातली बाई बसल्याशिवाय आपण बसायचं नाही. कागद नवऱ्यापुढे ठेवायचा नाही, दोघांच्या मधे ठेवायचा. मरणाचं नाव घेताना आवाज खाली आणायचा नाही. "तू लाजलीस की ते घाबरतात," मॅडम म्हणायच्या. "तू सरळ सांग. माणूस जातो, मागं चूल राहते." आणि कुणी गेल्याचं कळलं की कागदपत्रं मागायच्या आधी आम्ही त्या घरी जाऊन बसायचो. नुसतं बसायचो. एका घरी मॅडमनी भांडी घासलेली मी बघितली आहेत.

हे सगळं वाचून ती बाई देवमाणूस होती असं वाटेल. तशी ती नव्हती. तिला वर जायचं होतं. ऑफिसातले पुरुष मीटिंगमध्ये तिला चहाचं बघायला सांगायचे आणि ती बघायची, कप ठेवून पुन्हा खुर्चीवर बसायची, आणि तिच्या गळ्याची शीर उडताना मला दिसायची. वीस वर्षं तिनं ती खुर्ची डोळ्यांपुढे ठेवली होती. बाईमाणसाला शाखा झेपत नाही, असं तिला तोंडावर सांगितलेलं होतं.

*

त्या मार्चमध्ये शाखाधिकाऱ्यांची बदली ठरली होती. वरच्या साहेबांनी मॅडमना सांगितलं, "महिना संपू दे. तुमच्या टीमचं टार्गेट बघू, मग बोलू." शेवटचा आठवडा आला आणि एक पॉलिसी कमी पडत होती. एकच. माझी मावशी नामपूरला असते. तिच्या ओळखीत एक शिलाई करणारी बाई होती, छायाताई. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, दोन मुली, म्हातारी सासू. तिला विमा काढायचाच होता. मीच मॅडमना सांगितलं. हे मला विसरता येत नाही, मीच सांगितलं होतं.

सकाळी सातला निघालो. पिंपळगाव, सोग्रस फाटा, देवळा, सटाणा. एसटीच्या खिडकीतून कांद्याची शेतं, काढून घातलेल्या ओळी, वर पात झाकलेली. चांदवडच्या वळणावर मॅडमनी डोंगराकडे बघून हात जोडले. त्यांचं माहेर तिथलं. "झालं ना या वेळेस," त्या म्हणाल्या, "तर आईला घेऊन येईन ऑफिस दाखवायला."

नामपूरच्या हवेत कांद्याचा वास आणि उडणारी साल. छायाताईचं घर बाजार समितीच्या मागे, पुढच्या खोलीत मशीन. तिच्या ब्लाउजला टाचण्या टोचलेल्या होत्या, एखाद्या दागिन्यासारख्या ओळीनं. सासू भिंतीला टेकून बसली होती. थोरली पूजा दहावीला होती, ती पुस्तक घेऊन आत गेली. धाकटीनं आमच्यासाठी खारी आणली.

मी फॉर्म भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, वारस. मग आजारांचं पान आलं. मी एकेक प्रश्न वाचत होते. छायाताईनं सुई खाली ठेवली.

"बीपीनी गोळी चालू शे मन्ही. दोन वरीस व्हयी ग्यात. मालेगावना डॉक्टरनी किडनी तपासाले सांगेल शे."

मी मॅडमकडे बघितलं. हे लिहिलं की तपासण्या लागणार, रिपोर्ट येणार, त्यात एप्रिल उजाडणार. किडनीचं खरं निघालं तर पॉलिसी मिळणारच नाही.  बाहेर ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ दारातून आत आली.

"तपासणी केली का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"नही. सवडच भेटत नही."

"मग अजून काही निघालेलं नाही ना. आणि बीपीची गोळी काय, अर्ध्या गावाला असते." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नाही लिही."

मी लिहिलं. चांगल्या, गोल, वळणदार अक्षरात. नाही. खालच्या ओळीतही, नाही. छायाताईनं वाचलं नाही. तिनं आमच्यावर विश्वास ठेवून सही केली आणि निघताना आम्हा दोघींना ब्लाउजपीस दिले.

 परतीच्या गाडीत देवळ्याच्या पुढं मॅडम म्हणाल्या, "तिला तपासणीला पाठव. मावशीला सांग तुझ्या." मी मावशीला सांगितलं. मावशी सांगते म्हणाली. पुढं मी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये मॅडम शाखाधिकारी झाल्या. ऑफिसच्या पाटीवर पहिल्यांदा बाईचं नाव लागलं. त्यांची आई चांदवडहून आली, नऊवारी नेसलेली. खुर्चीवर बसायला तयारच होईना. शेवटी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "गरम होत नाय का गं हिच्यावर?"

*

छायाताई पुढच्या फेब्रुवारीत गेली. किडन्या.

पॉलिसी काढून वर्षाच्या आत माणूस गेला की कंपनी चौकशी करते. मालेगावच्या डॉक्टरांकडचे जुने केसपेपर निघाले. पॉलिसीच्या आधीच्या गोळ्या, आधीचा सल्ला. फॉर्मवर मात्र 'नाही'. आजार लपवला म्हणून क्लेम नाकारायचा, असं वरून ठरतच आलं होतं. पण चौकशीला गेलेल्या माणसासमोर छायाताईची सासू एकच गोष्ट बोलत राहिली आणि त्यानं ती लिहून आणली. "मन्ही सूननी सांगेल व्हतं. मन्हा समोर सांगेल व्हतं. त्यास्नी लिखं नही."

म्हातारीचं खरं मानलं तर त्या मुलींना विमा मिळणार होता आणि दोष आमच्याकडे येणार होता. खोटं मानलं तर आम्ही सुटणार होतो.

पुण्याहून चौकशी अधिकारी यायच्या आदल्या दुपारी मॅडमनी मला प्रेसच्या भिंतीलगतच्या टपरीवर नेलं. चहा घेतला. त्यांचे डोळे खोल गेले होते.

"उद्या विचारतील तुला. जे झालं तेच सांग."

"मॅडम, पण तुमचं..."

"माझं मी बघते. त्या दोन पोरी आहेत संगीता. जे झालं तेच सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात पोचायच्या आतच विभागाच्या साहेबांचा फोन आला. त्यांनी कधी मला फोन केलेला नव्हता. गोड बोलले. माझी कायम नोकरीची फाईल त्यांच्याकडे आहे म्हणाले. चांगलं काम आहे म्हणाले. मग म्हणाले, "तुम्ही नवीन होता. मॅडमनी सांगितलं ते लिहिलंत. बाकी बोलणं काही तुमच्यासमोर झालेलं नसणार, असं आम्ही धरून चालतो." मी हूं म्हणाले. घरी पंखा फिरत होता आणि त्याच्याखाली नवरा आडवा होता. ऋतुजाचं बालवाडीत नाव घालायचं होतं. ही कारणं मी इतक्या वेळा मांडली आहेत स्वतःपुढे, की ती आता गुळगुळीत झाली आहेत, हातात धरली की निसटतात.

मॅडमच्याच केबिनमध्ये चौकशी झाली. मॅडम टेबलाच्या अलीकडे, माझ्या शेजारी बसल्या होत्या. अधिकारी शांत माणूस होता. त्यानं फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"अक्षर तुमचं?"

"हो."

"बाईंनी आजाराचं सांगितलं, तेव्हा तुम्ही तिथं होता?"

मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

"माझ्यासमोर असं काही बोलणं झालं नाही," मी म्हणाले. "मॅडमनी सांगितलं ते मी लिहिलं."

 किती वेळ गेला कुणास ठाऊक, फार नसेल. मग मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. ती तेव्हा बाहेर होती. बाईंनी मला सांगितलं होतं, स्पष्ट सांगितलं होतं, मीच लिहू दिलं नाही. तसं लिहून देते."

त्यांनी लिहून दिलं. स्वतःच्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात, दीड पान.

बऱ्याच हेलपाट्यांनंतर छायाताईच्या मुलींना विमा मिळाला. पूजा पुढं नर्सिंगला गेली, असं मावशी सांगते. मॅडमना कंपनीनं काढून टाकलं. कागदावर कारण होतं ग्राहकाची व कंपनीची फसवणूक. पाटी उतरवली तेव्हा मी खालच्या मजल्यावर झेरॉक्स काढत होते, किंवा तसं कारण काढून थांबले होते. त्या महिन्यात मी कायम झाले. चार वर्षांनी शाखाधिकारी. तोवर बायांना शाखा झेपते हे सगळ्यांना मान्य झालेलं होतं, आणि वरच्या साहेबांना आपल्या शाखेत बाई आहे हे मीटिंगमध्ये सांगायला आवडायला लागलं होतं.

माझ्या हाताखाली आता आठ मुली आहेत. मी त्यांना सगळं शिकवते, घरातली बाई बसल्याशिवाय बसू नका, आवाज खाली आणू नका. फॉर्मच्या आजारांच्या पानाला मी फार कडक आहे. मुली मला घाबरतात. हे सगळं मॅडमकडून आलेलं आहे, आणि हे शिकवताना त्यांचं नाव मी कधी घेतलेलं नाही.

*

त्या चष्म्यातल्या मुलीनं विचारलं त्याच्या पुढच्या रविवारी मी चांदवडला गेले. महामार्गापासून आत, भावाच्या घराला लागून दोन खोल्या. मॅडम ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. केस सगळे पांढरे. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"ये," म्हणाल्या. सुपातले खडे बाजूला टाकत राहिल्या. "ऋतुजा केवढी झाली?"

"सहावीत आहे."

"आणि मिस्टर?"

"कामाला आहेत. अंबडला."

आई दोन वर्षांपूर्वी गेली म्हणाल्या. मला कुणी कळवलं नव्हतं, कळवावं असं काही मी ठेवलंही नव्हतं. त्यांनी भावजयीला हाक मारून चहा सांगितला. मग म्हणाल्या, "तुझा व्हिडिओ बघितला. पुतणीनं दाखवला. शाल छान होती. पहिल्या महिला शाखाधिकारी."

टोमणा असता तर बरं झालं असतं. त्या नुसतं सांगत होत्या.

वाटेत ठरवलेलं सगळं माझ्या तोंडून एकदम आलं, वेडंवाकडं. "मॅडम, तुम्ही मला वाचवलंत. त्या दिवशी, मी बाहेर होते असं म्हणून. मी त्याबद्दल कधी..."

"मी तुला वाचवलं?" त्यांचा हात सुपात थांबला. "मी कशाला वाचवीन. मी वाट बघत होते."

"कसली?"

"तू बोलशील म्हणून. तू नाही म्हणालीस, तरी मी थांबले होते. वाटलं आता बोलेल, आता बोलेल." त्यांनी एक गहू चिमटीत धरून उजेडात बघितला आणि परत टाकला. "चूक माझीच होती, ते मी कबूल केलंच असतं. पण आपण दोघींनी सांगितलं असतं, तर त्याला त्यांनी चूक म्हटलं असतं. घाईत झालेली चूक. एकटीच उरले म्हणून फसवणूक झाली. आई जाईपर्यंत विचारत होती, शालू, तू कुणाला फसवलंस गं?"

चहा आला. मी घेतला की नाही आठवत नाही. मी म्हणाले, "मी आता कंपनीला लिहून देते. सगळं. आजच."

"दे की."

"तुम्हाला चालेल?"

"मला काय विचारतेस? तेव्हा विचारलं होतंस?" त्या हे सगळं हळू आवाजात बोलत होत्या, पूर्वी एखादा नवा नियम समजावून सांगायच्या तसं. "देशील तर तुझ्यासाठी दे. माझ्या नावावर देऊ नकोस. माझं त्यात आता काही नाही."

त्या उठल्या, सूप झटकलं. मीही उठले. वाकून नमस्कार करावा असं मनात आलं, पण त्या दोन पावलं मागं सरकल्या, गहू सांडायला नको म्हणून असेल. फाटकापर्यंत मात्र आल्या. रस्त्यापलीकडे एक बाई पापड वाळत घालत होती. तिनं कपाळावर हात धरून विचारलं, "कोण गं आलंय, शालूताई?"

"विम्याच्या ऑफिसातल्या साहेब आहेत," मॅडम म्हणाल्या. "निघाल्यात."

मग माझ्याकडे वळून, ज्या आवाजात त्या अनोळखी घरांच्या दारात बोलायच्या त्या स्वच्छ, अदबीच्या आवाजात म्हणाल्या, "सावकाश जा हं तुम्ही. महामार्गाला गाड्या फार असतात."